वनस्पतीतलं जीवाणूरोधक संयुग शोधताना: आधी क्रिया की आधी रसायन?

पिढ्यानपिढ्या जखमेवर लावली जाणारी एखादी वनस्पती तुम्ही निवडलीत. तिचा अर्क स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूची वाढ रोखतो, हेही दिसलं. इथून पुढे रस्ते दोन. जुना रस्ता असा: अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग जीवाणूंवर तपासायचा, जो चालेल त्याचे पुन्हा भाग पाडायचे, आणि शुद्ध संयुग हाती येईपर्यंत हेच करत राहायचं. नवा रस्ता: अर्क आधी एलसी-एमएसवर, म्हणजे संयुगं वेगळी करून त्यांची वस्तुमानं मोजणाऱ्या यंत्रावर, चालवायचा, मिळालेली वस्तुमानं डेटाबेसशी ताडायची, ओळखीची संयुगं बाजूला सारायची आणि अनोळखी उरेल त्याच्या मागे लागायचं.

माझा कौल जुन्या रस्त्याला आहे. मात्र एलसी-एमएसचा एक फेरा झाल्याशिवाय कॉलम, म्हणजे अर्काचे भाग पाडायची नळी, भरू नये.

जुन्या रस्त्याचं बळ बायोऑटोग्राफीत, म्हणजे वेगळ्या केलेल्या संयुगांवर थेट जीवाणू वाढवून पाहण्यात, उघड दिसतं. टीएलसी प्लेटवर, म्हणजे संयुगं वेगवेगळ्या उंचीवर विभागणाऱ्या सिलिकाच्या पातळ थरावर, अर्क चढवा, विद्रावक पूर्ण उडू द्या, वर जीवाणू मिसळलेलं कोमट, पातळ आगर ओता आणि रात्रभर उबवल्यावर एमटीटीचं द्रावण फवारा. जिवंत जीवाणू हा पिवळा रंग जांभळा करतात. जिथे वाढ थांबली तिथे जांभळ्यात एक फिकट पट्टा राहतो. शेजारच्या प्लेटवर त्याच उंचीवरची सिलिका खरवडली की नेमका तोच पदार्थ हाती येतो. हा पत्ता जीवाणूच देतो, कुठलंही सॉफ्टवेअर देत नाही.

तोटा वेळेचा आणि मालाचा. किलोभर पाला वाळवून, महिनोन्‌महिने कॉलम चालवून शेवटी हाती येतं गॅलिक आम्ल किंवा बर्बेरीन, म्हणजे आधीच ठाऊक असलेलं काहीतरी. टॅनिन तर हमखास फसवतात: ते प्रथिनांना चिकटतात, म्हणून बऱ्याच चाचण्यांमध्ये क्रिया असल्याचा भास होतो. अशा वेळी नवा रस्ता कामी येतो. काही मिलिग्रॅम अर्कात तो ओळखीचे चेहरे दाखवतो. पण वस्तुमान म्हणजे क्रिया नव्हे. समघटकांचं, म्हणजे तेच अणू वेगळ्या रचनेत असलेल्या संयुगांचं, वस्तुमान एकच असतं, ज्याचं आयनीभवन होत नाही ते संयुग दिसतच नाही, आणि रचना पक्की करायला शेवटी एनएमआर हे रेणूची रचना उलगडणारं तंत्र लागतंच.

दोन्ही रस्त्यांवर घात होतो तो काढणीत, म्हणजे वनस्पतीतून अर्क काढताना. सॉक्सलेटमध्ये, म्हणजे तोच विद्रावक उकळवून पुन्हापुन्हा पाल्यावर सोडणाऱ्या उपकरणात, विद्रावक कमी लागतो, काढणी भरपूर होते. पण निघालेला अर्क खालच्या फ्लास्कमध्ये तासन्‌तास उकळत राहतो. खोलीच्या तापमानाला भिजवून काढणं संथ आहे, तरी पहिल्या खेपेला मी तेच सांगेन. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी १९७१ मध्ये कमी तापमानाला, इथर वापरून काढलेल्या अर्कातच मलेरियाविरोधी क्रिया टिकली, आणि त्यांना ही दिशा मिळाली ती पाला पाण्यात भिजवून पिळून घ्या असं सांगणाऱ्या प्राचीन चिनी ग्रंथातून. परंपरेत वनस्पती कशी वापरतात हे नीट वाचा, ही गोष्ट मी पुन्हापुन्हा सांगतो. लसणातलं ॲलिसिन हे जीवाणूरोधक संयुग तर ठेचल्यावरच, विकराच्या (एन्झाइमच्या) क्रियेने तयार होतं. अख्ख्या पाकळ्या उकळल्या की विकर मरतो आणि शोधायला काही उरत नाही.

चाचणीच्या बाबतीत मात्र मला दुमत ठेवायचं नाही. डिस्क डिफ्यूजन, म्हणजे अर्कात भिजवलेली चकती जीवाणूंच्या आगरवर ठेवून भोवतीचं वाढ नसलेलं क्षेत्र मोजणं, स्वस्त आहे, फोटोत छान दिसतं, पण तेलकट आणि मोठे रेणू आगरमधून नीट पसरत नाहीत. क्षेत्र लहान म्हणजे क्रिया कमी, असं त्यावरून म्हणता येत नाही. ९६ खड्ड्यांच्या प्लेटवर एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारं किमान प्रमाण, काढा. अर्क गडद असेल तर गढूळपणा डोळ्याने ठरवू नका, रेसाझुरिनसारखा, जिवंत जीवाणू असले की रंग बदलणारा सूचक घाला. अर्क ज्यात विरघळवला त्या डीएमएसओ या विद्रावकाचा नुसता खड्डाही हवाच. अर्काची एमआयसी १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत असेल तर पुढे जाण्यात अर्थ आहे; शुद्ध संयुगाकडून साधारण १० ची अपेक्षा ठेवतात. १००० च्या वर असेल तर दुसरी वनस्पती घ्या.

निवड करताना आधी माल मोजा. वनस्पती दुर्मिळ, किंवा मूळ उपटावं लागणारी असेल तर एलसी-एमएसपासूनच सुरुवात करा. पानं भरपूर मिळत असतील आणि जीवाणू हाताळायची सोय असेल तर बायोऑटोग्राफीपासून.

कॉलम उरकला की प्रत्येक भागाचा थोडा अंश राखून ठेवा. सगळे अंश मूळ प्रमाणात पुन्हा मिसळा आणि एमआयसी काढा. मिश्रण चालतंय, पण सुटा एकही भाग चालत नाही, असं झालं तर संयुगं जोडीने काम करत असण्याची शक्यता पाहा. दारुहळदीच्या कुळातल्या एका झुडपात २००० साली हेच सापडलं: स्टॅफिलोकॉकस बर्बेरीन एका पंपाने पेशीबाहेर फेकतो, आणि त्याच झुडपातलं ५'-मिथॉक्सीहिड्नोकार्पिन, ज्याला स्वतःची जीवाणूरोधक क्रिया नाही, तो पंप अडवतं. सुटे भाग तपासून ते टाकून दिलं असतं.