आमच्या पॅरिशचा (चर्चच्या स्थानिक मंडळीचा) बुधवारचा शुभवर्तमान ग्रुप, दीड वर्षानंतर

आधीच सांगते, दोन-तीन महिन्यांत आपल्यात काहीतरी बदल दिसेल म्हणून जॉइन करणार असाल तर निराश व्हाल, मी झाले होते.

ग्रुपची पद्धत सात पायऱ्यांची, दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को इन्स्टिट्यूटने तयार केलेली आणि आता कितीतरी देशांतल्या पॅरिशमध्ये चालते. प्रभूला बोलवायचं, येत्या रविवारचं शुभवर्तमान (येशूच्या जीवनाबद्दलचा बायबलमधला उतारा) वाचायचं, मनाला भिडलेला शब्द किंवा ओळ मोठ्याने म्हणायची, मग शांत बसायचं, मग आपल्याला काय वाटलं ते सांगायचं, मग ग्रुपने काय करायचं ते ठरवायचं, शेवटी प्रार्थना. प्रवचन नाही, वादविवाद नाही, कोणी कोणाला शिकवायचं नाही. तासाभरात होतं.

सगळ्यात चांगली पायरी चौथी, शांततेची, आणि आमच्याकडे नेमकी तीच घाईत उरकतात. पाच मिनिटं ठरलेली असतात पण दोन मिनिटांत कोणीतरी घसा खाकरतं आणि बोलणं सुरू. पाचव्या पायरीत एक-दोघं इतकं लांबवतात की बाकीच्यांना वेळच उरत नाही, लीडरने तिथे थांबवायला हवं. हे सुधारलं पाहिजे, मी दोनदा बोललेय.

पहिले सहा महिने मला वाटायचं काहीच होत नाहीये. मग मार्क 4:26-29 आलं, आपोआप वाढणाऱ्या बीचा दाखला, चार शुभवर्तमानांपैकी फक्त मार्कमध्येच आहे तो. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, बी रुजतं वाढतं आणि कसं ते त्याला कळतच नाही. त्या दिवशी आमच्यातल्या एक आंटी बोलल्या. तोपर्यंत त्या दर बुधवारी एकच शब्द म्हणायच्या, पुस्तक मांडीवर, बोट त्या ओळीवर, बस्स. त्या म्हणाल्या, "सख्ख्या बहिणीशी अकरा वर्षं बोलले नव्हते, मागच्या आठवड्यात फोन केला, का केला मला नाही सांगता येणार." एवढंच बोलल्या. आम्ही सगळे महिनोन्महिने त्यांच्या शेजारी बसत होतो आणि आत काय चाललंय कोणालाच पत्ता नव्हता, बहुतेक त्यांनाही नव्हता.

तेव्हापासून मी स्वतःला तपासायचं सोडून दिलं. संत मोनिकाने आपल्या मुलासाठी, पुढे संत झालेल्या ऑगस्टिनसाठी, किती वर्षं रडून प्रार्थना केली, इ.स. 387 मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी ती वारली, पण मधल्या वर्षांत तिला दाखवायला हातात काय होतं? आपल्याला रिझल्ट लगेच हवा असतो, मलाही हवा होता. पण पॅरिश म्हणजे नुसता मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) येणाऱ्यांचा आकडा नाही, आणि जे वाढतंय ते मोजायचं काम आपलं नाहीच असं मला आता मनापासून वाटतं.

नवीन येणाऱ्यांसाठी: पहिले काही बुधवार नुसता एक शब्द म्हटला तरी चालतं, कोणी आग्रह करत नाही. शुभवर्तमान घरून एकदा वाचून या. शेअरिंगमधलं बाहेर जात नाही, हा नियम आमच्याकडे खरंच पाळला जातो, मी जे लिहिलंय ते आंटींना विचारूनच. पाचपैकी चार स्टार, शांतता पूर्ण पाच मिनिटं पाळायला लागले की पाचवा देईन.