थर्टी फर्स्टला हुरडा आणि भज्जी : औसा रोडवरच्या शेतातल्या जेवणाचा रिव्ह्यू

आधी सरळ सांगते, जा. नवीन वर्ष खाऊन-पिऊन साजरं करायचंय आणि लातूरच्या आसपास राहता, तर हॉटेलात टेबल मिळतंय का बघत बसू नका, शेतावर जा. आम्ही या थर्टी फर्स्टला घरातले सगळे मिळून गेलो होतो, सासूबाई, नणंद, तिची पोरं, माझी पोरं, आणि सगळेजण पोट आणि मन भरून आलो म्हणून हा सविस्तर रिव्ह्यू लिहायलेय.

जागा म्हणजे लातूरहून औशाकडं जाताना मेन रोड सोडून आत गेलं की एका कुटुंबाचं शेत. नाव आणि नंबर टाकत नाही कारण ते लोक ओळखीतूनच माणसं घेतात, घरच्या बायकांना रांधायला झेपतील एवढीच, आणि फोन वाजत राहिलेला त्यांना नको आहे. लातूरात दोन-चार जणांना विचारलं तर कळेल. काका, काकू, दोन मुलं, सुना आणि आज्जी, एवढीच टीम. बाहेरचा आचारी नाही, केटरिंग नाही. येळवसपासून संक्रांतीपर्यंत हे चालतं, नंतर बंद.

ज्यांना येळवस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर-धाराशिवकडं अख्खं घर शेतात जेवायला जातं. कडब्याची कोप म्हणजे खोपटं करायचं, पाच पांडव मांडून पुजायचे, आंबील रानात शिंपडायची आणि मग भज्जी (तळलेली भजी नव्हे, ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची बेसन लावलेली भाजी), उंडे, खीर, धपाटे असं जेवायचं. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते आणि शहरातले रस्ते ओस पडतात. ज्याला शेत नाही त्याला कुणी ना कुणी बोलावतंच. तारीख कधी डिसेंबरात कधी जानेवारीत येते, २०२४ साली तर दोनदा आली, ११ जानेवारीला आणि परत ३० डिसेंबरला. त्यामुळं आमच्याकडं नवीन वर्षाचा मूड आणि येळवसचा स्वयंपाक हे दोन्ही एकमेकाला लागूनच असतात, आणि या कुटुंबानं ते बरोबर हेरलंय. एक गोष्ट मला फार आवडली, खुद्द येळवसच्या दिवशी ते पैसे घेऊन कुणालाच घेत नाहीत. काका म्हणाले, "त्या दिवशी आलेला माणूस पाव्हणा आसतो ताई, त्येच्याकडनं पैसे कसे घ्यायचे."

आता मुख्य गोष्ट, इथं जेवण तयार मिळत नाही, तुम्हाला हात लावावा लागतो, आणि हेच या जागेचं वेगळेपण आहे. सकाळी पोचलं की चहा, आणि चहा संपायच्या आत काकू एकेकाच्या पुढं सूप आणून ठेवतात. कुणाच्या सुपात तुरीच्या शेंगा, कुणाच्या वाटाणा, कुणाच्या हरभऱ्याचे ढाळे. सोलायला बसा. मोठ्या पोरांना मेथी निवडायला दिली. शेंगा सकाळीच तोडलेल्या, देठाला अजून ओल होती, तुरीची शेंग दोन बोटांनी दाबली की टचकन उघडायची आणि आत हिरवे सोलाणे ओळीनं. पोरं अर्धे सोलाणे तोंडात टाकत होती, कुणी रागावलं नाही. नणंदेची मुलगी पुण्यात वाढलेली, तिनं तुरीची डाळ हिरव्या शेंगेतून येते हे पहिल्यांदा बघितलं. सासूबाईंना खाली बसवत नाही म्हणून आज्जींनी स्वतःच्या खाटेवर जागा करून दिली आणि दोघींचं जे सुरू झालं ते जेवायची हाक येईपर्यंत.

भज्जी चुलीवर, तुराट्यांच्या जाळावर, मोठ्या पातेल्यात. थोरल्या सूनबाई करत होत्या आणि कुणी काही विचारलं की हात न थांबवता सांगत होत्या. आधी दाणे पाण्यात सोडले, तूर, हरभरा, वाटाणा, सोबत शेंगदाणे, ते अर्धे-मुर्धे शिजले की वांग्याच्या आणि गाजराच्या फोडी, मग मेथी, पालक, कांद्याची पात, मग लसूण-हिरव्या मिरचीचा ठेचा, चिंचेचा कोळ, आणि शेवटी बेसन ताकात पातळ कालवून एका हातानं सोडायचं आणि दुसऱ्या हातानं पळी फिरवत राहायचं. पळी थांबली की गुठळी झालीच. वरनं कोथिंबीर, तीही मूठभर नाही, चांगली जुडीभर. चिंच निलंग्याकडची पानचिंचोलीची होती असं त्यांनी आवर्जून सांगितलं. पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर, आपल्या जिल्ह्याच्या या तिन्ही मालाला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि भज्जीला नेमकं हेच तिन्ही लागतं, चिंच, तूर आणि कोथिंबीर. लातूरची भज्जी लातूरातच का जमते याचं उत्तर मला त्या पातेल्यात दिसलं.

भज्जी चांगली का वाईट हे दाण्यावरनं ओळखायचं. दाणा अख्खा दिसला पाहिजे पण दाताखाली मऊ लागला पाहिजे, आणि पीठ फक्त सगळं धरून ठेवण्यापुरतं. बेसन जास्त झालं की ते पिठलं होतं, मग त्यात कितीही भाज्या घाला. मागं शहरातल्या एका हॉटेलात येळवस स्पेशल थाळी खाल्ली होती, फ्रोझन वाटाणा आणि बेसनाचा लगदा, भलतेच पैसे घेतले आणि तुरीचा एक दाणा नाही, मला खरंच वाईट वाटलं होतं, कारण बाहेरगावचा माणूस तेच खाऊन जाणार आणि भज्जी म्हणजे हेच समजणार. इथली भज्जी ताटात वाढली तर हळूहळू पसरत होती, पाण्यासारखी पळत नव्हती आणि घट्टही नव्हती. चिंचेचा आंबटपणा आधी कळतो, मागून मेथीचा किंचित कडसरपणा, आणि मधेच वाटाण्याचा गोड दाणा. मी तीनदा घेतली. यांनी किती घेतली ते मी मोजलं नाही.

सोबत बाजरीचे उंडे, वाफवलेले, तीळ लावलेले. उंडा हातानं फोडायचा आणि भज्जीत बुडवायचा. उंडे मला जरा कोरडे वाटले, पहिल्या पंगतीचे मऊ होते, आमच्या पंगतीला आले ते थोडे थंड झालेले. ज्वारीची भाकरी मात्र तव्यावरनं थेट ताटात, पापुद्रा सुटलेला, त्यावर लोणी. धपाटे आणि दही, तेही उत्तम. गव्हाची खीर गुळाची, गहू नीट फुटलेला, दूध वरनं घालायचं. तिळाच्या पोळ्या कमी पडल्या, शेवटच्या चार जणांना अर्धी-अर्धी आली, हे व्हायला नको होतं, माणसं मोजून घेता तर पोळ्याही मोजून करा.

आंबीलीबद्दल वेगळं लिहिते. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून शिजवायचं, लसूण, जिरे, मीठ, कोथिंबीर, आणि मातीच्या बिंदग्यात ठेवायचं. बिंदगं सावलीत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. जेवणाआधी पहिली वाटी प्यायले ती इतकी छान होती की उन्हातनं आल्याचा सगळा शीण गेला, गार, लसणाचा वास आणि नेमका आंबटपणा. दुपारी चारला परत मागितली तेव्हा मात्र जास्तच आंबली होती. प्यायची असेल तर सकाळीच प्या, आणि पोरांना पण द्या, कोल्ड्रिंकची बाटली सोबत न्यायची गरजच पडत नाही.

हुरडा चार-साडेचारला सुरू होतो, ऊन उतरल्यावर. ज्यांनी फक्त शहरातल्या प्लेटमधला हुरडा खाल्लाय त्यांनी हा भाग मुद्दाम बघावा. जमिनीत खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवलेल्या, त्याला आगटी म्हणतात, जाळ बसून नुसता आर राहिला की कणसं त्यात खुपसायची. धाकटा मुलगा भाजत होता आणि काका चोळत होते. कणीस बाहेर काढलं की गरम असतानाच तळहातात चोळायचं, दाणे पोत्यावर पडतात, मग सुपात घेऊन फुंकर मारली की कोंडा उडून जातो आणि हिरवेगार दाणे खाली राहतात, त्यातनं वाफ येत असते. काकांचे तळवे काळे झाले होते आणि ते थांबतच नव्हते. मी एक कणीस चोळायला घेतलं तर हाताला चटका बसला, काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, तुम्ही खावा, त्येंच्या हाताला सवय हाय."

हुरड्याचं गणित वेळेचं असतं. दाणा आधी चिकात असतो, तेव्हा दाबला की दूध निघतं, मग थोडा घट्ट होतो तो हुरडा, आणि त्याच्यापुढं गेला की पिठूळ होतो आणि गोडी जाते. एका कणसाला ही मधली अवस्था थोडेच दिवस मिळते. म्हणून या लोकांनी ज्वारी एकदम पेरलेली नाही, टप्प्याटप्प्यानं पेरलीय, म्हणजे एक पट्टा पक्का झाला तरी दुसरा हुरड्यावर असतो. बरं मालदांडीचाच हुरडा देऊन मोकळं होत नाहीत, ती भाकरीची ज्वारी. इथं परभणी कृषी विद्यापीठाचं परभणी वसंत हे हुरड्यासाठीच काढलेलं वाण होतं, आणि कडेच्या काही ओळींत गूळभेंडी हे जुनं वाण. दोन्ही वेगवेगळे मागून खाल्ले. मला गूळभेंडी जास्त आवडली, तिची गोडी जिभेवर राहते. आमच्यातल्या बाकीच्यांना वसंत, दाणा मोठा आणि रसदार होता. दोन्ही मागून बघा, ते नाही म्हणत नाहीत.

सोबत शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची आणि लसणाची चटणी, गूळ, दही, बोरं, ऊस, पेरू. कारळाची चटणी हुरड्यावर टाकून खा, बाकी काही नको. एकच गोष्ट खटकली, शेव बाजारची होती आणि तेलाचा जुना वास येत होता. घरच्या चटण्यांच्या शेजारी ती शेव शोभत नाही, काढूनच टाका, कुणी मागणार नाही. हे मी काकूंना सांगितलं पण, त्यांनी मनावर घेतलं असं वाटलं.

बाकीचं पटापट. माणशी ६०० रुपये, लहान पोरांना ३००, त्यात चहा, जेवण, हुरडा, संध्याकाळचा चहा सगळं आलं. पैसे रोख न्या, तिथं रेंज येते-जाते त्यामुळं स्कॅन करत उभं राहावं लागतं. कच्च्या रस्त्यावर फाट्याला पाटी नाही, आमच्या मागची गाडी पुढं निघून गेली आणि परत फिरून आली, एक पाटी लावायला काय हरकत आहे. संडास-बाथरूम स्वच्छ पण एकच आहे, सकाळी रांग लागते. बसायला सतरंज्या, म्हाताऱ्या माणसांसाठी खाटा आणि दोन-चार खुर्च्या. येळवसची कोप त्यांनी मोडलेली नाही, दुपारी पोरं त्यात झोपली.

दारू चालत नाही, डीजे नाही, आणि रात्री आठला सगळं आवरतं. बारापर्यंत जागायचंय त्यांना ही जागा जमणार नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. आमच्या बॅचला एका ग्रुपनं मोठा स्पीकर आणला होता, काकांनी शांतपणे सांगितलं की बाजूच्या गोठ्यात नुकती व्यालेली म्हैस आहे, आणि त्यांनी बंद केला. अंधार पडल्यावर आगटीच्या कडेनं सगळे बसलो, ओळखीचे-अनोळखी, कुणाची तरी आई जुन्या ओव्या म्हणाली, सासूबाईंनी पुढची ओळ धरली. डिसेंबरअखेरची थंडी रानात चांगलीच झोंबते, स्वेटर आणि कानटोपी न्याच.

खरंतर माझी एवढीच इच्छा आहे की असं खाणं फक्त ज्यांना शेत आहे त्यांच्यापुरतं राहू नये. शहरात भाड्यानं राहणाऱ्या, बदलीनं आलेल्या, नवीन लग्न होऊन लातूरात आलेल्या लोकांना पण ते मिळावं, आणि चांगल्या हातचं मिळावं. हे कुटुंब ते करतंय, मेहनतीनं आणि प्रेमानं करतंय, म्हणून पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार पोळ्या आणि शेवेचा कापलाय.

एक सूचना, हुरडा बांधून घरी नेऊ नका, गार झाला की चिवट होतो. न्यायचाच असेल तर कच्ची कणसं मागा, ते देतात, त्याच दिवशी गॅसवर जाळी ठेवून भाजा. संक्रांतीच्या आधीच्या बॅचेस अजून शिल्लक आहेत असं काका म्हणाले, फक्त जायच्या आधी फोन करून शेवटचा पट्टा हुरड्यावर आलाय का अजून चिकात आहे एवढं विचारून घ्या.