१३ पिनचा सॉकेट, रिकामी डबी आणि ३२,८५० रुपयांचा चुना

कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागं ओढायचं चाकावरचं घर, ओढायला गाडीच्या टोबारचं (मागं जोडायच्या दांड्याचं) वायरिंग करून घेणार असाल तर पैसे देण्याआधी हे वाचा. टोबार लोखंडाचा, तो दिसतो, ठोकून बघता येतो. लुटतात ते वायरिंगमध्ये, कारण ते सगळं कार्पेटखाली जातं.

मी फसलो त्या कच्च्या बिलावरचा हिशेब असा. बायपास रिले ६,८०० रुपये, १३ पिनचा सॉकेट-प्लग २,४००, ‘प्युअर कॉपर’ वायर ३,६५०, चार्जिंगचा व्होल्टेज रिले १,९००, मजुरी ३,५००. एकूण १८,२५०. त्यातले १०,००० यूपीआयने आणि ८,२५० रोख. नंतर गाडीचा बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे वगैरे सांभाळणारा कॉम्प्युटर, जळाला, तो बदलायचे १४,६०० वेगळेच. आम्ही कर्नाटकातले, दुकान हद्दीवरचा कोगनोळी नाका ओलांडून पलीकडं, महाराष्ट्रात. ही गोष्ट पुढं फार महागात पडते.

बायपास रिलेचं काम काय, हे माहिती असलेल्यांना सांगायला नको. तरी सांगतो, कारण लूट नेमकी तिथंच आहे. नव्या गाडीत मागच्या दिव्यांचा करंट मॉड्यूल स्वतः मोजतो. इंडिकेटरचा एक बल्ब २१ वॉटचा, म्हणजे पावणेदोन अँपिअर. कॅरॅव्हॅनचा दिवा त्याच वायरला जोडला की लोड दुप्पट, आणि मॉड्यूल जळायची पाळी. म्हणून बायपास रिले गाडीच्या वायरीतून फक्त इशारा घेतो आणि कॅरॅव्हॅनच्या दिव्यांचा करंट थेट बॅटरीवरून, वेगळ्या वायरीने आणि १५ किंवा २० अँपिअरच्या फ्यूजमधून आणतो.

थेट बॅटरीवरून. आणि सगळं काम होईपर्यंत त्या माणसानं बॉनेट एकदाही उघडलं नाही!

हेच डोक्यात घण घालतंय. रिलेला बॅटरीची वायर लागते. सॉकेटच्या पिन ९ वर कायमचा १२ व्होल्ट लागतो. पिन १० ला इग्निशन चालू असतानाचा करंट लागतो. तिन्हींची सुरुवात पुढून, आणि हा गडी डिकीतच बसून ‘झालं बघा’ म्हणतो. आता लोक शहाणपण शिकवतात, एवढं कळत होतं तर तेव्हा बोलला का नाही? अहो, त्यानं सॉकेटला टेस्टर लावून एकेक पिन पेटवून दाखवली. १ डावा इंडिकेटर, ४ उजवा, ५ आणि ७ टेल, ६ ब्रेक, ८ रिव्हर्स. सगळं जिथल्या तिथं. पेटलेले दिवे समोर दिसत असताना बॉनेट उघड म्हणून कोण सांगतंय? पण एलईडी टेस्टर काही मिलीअँपिअरच घेतो, केसाएवढ्या वायरीवरही तो पेटणारच. तपासायचं असेल तर २१ वॉटचा बल्ब लावा आणि पाच-दहा मिनिटं पेटता ठेवा.

तवंदी घाटात आधी गाडीचा स्वतःचा डावा इंडिकेटर गेला, मग टेल लाइट. बायपास रिलेची डबी उघडली तर आत एम-सील भरलेलं. ते फोडल्यावर सात वायरी या टोकातून त्या टोकात सरळ गेलेल्या. रिले नाही, ट्रान्झिस्टर नाही, काही नाही. वजन लागावं म्हणून दोन लोखंडी वायसर मात्र आठवणीनं टाकलेले. ६,८०० रुपये!

वायरीचं तर विचारूच नका. वर छापलंय २.५ स्क्वेअर एमएम. सोलून ब्लेडनं घासल्यावर तांबडा मुलामा निघून आत पांढरी तार: तांबं चढवलेलं अॅल्युमिनियम, तेही जेमतेम १ स्क्वेअर एमएम. मागं-पुढं मिळून १२ मीटर वायर धरा. २.५ च्या खऱ्या तांब्यात कॅरॅव्हॅनमधल्या फ्रीजच्या १० अँपिअरला साधारण ०.८५ व्होल्ट पडतात; या मालात सव्वातीन. बॅटरीला साडेबारा असले तरी फ्रीजला सव्वानऊ. फ्रीज थंड होत नाही म्हणून फ्रीजवाल्याला शिव्या देत बसू नका. बंडल हातात घेतलं की हलकं लागतं, तिथंच ओळखा. सॉकेट घेताना खिशात चुंबक ठेवा. पितळी पिनला तो चिकटत नाही, मुलामा दिलेल्या लोखंडी पिनला टपकन चिकटतो.

अर्थच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या, पिना तीन असतात: दिव्यांना ३, पिन १० चा ११, पिन ९ चा १३. कॅरॅव्हॅनच्या बाजूला ते एकमेकांत जोडायचे नसतात. इथं तिन्ही एका स्क्रूखाली, रंग न खरवडता पत्र्यावर आवळलेले. ब्रेक दाबला की टेल मंद होतो, इंडिकेटरबरोबर भलताच दिवा लुकलुकतो, ही सगळी कच्च्या अर्थची लक्षणं. दिवे चालू ठेवून पिन ३ आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर लावा, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर पैसे देऊ नका. जोड निळ्या क्लिपांनी केले असतील तर तेही काढायला लावा. त्या क्लिपा तारा कापतात, आणि खानापूर-चोर्ल्याच्या पावसात दोन महिन्यांत हिरव्या पडतात. सोल्डरचा डाग द्या, वर हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवा.

व्होल्टेज रिले, म्हणजे गाडीचा व्होल्टेज चढला की कॅरॅव्हॅनची बॅटरी चार्जिंगला जोडणारा, तेवढा खरा निघाला, पण निरुपयोगी. बऱ्याच बीएस-६ गाड्यांचा अल्टरनेटर बॅटरी भरली की व्होल्टेज खाली आणतो, मग हा रिले धावत्या गाडीतच सुटतो. तिथं कमी व्होल्टेज वाढवून देणारा डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. हे त्याला विचारलं होतं, उत्तर मिळालं, ‘चालतंय की!’

आता सरकारी पाहुणचार. इकडच्या ठाण्यात गेलं की, ‘दुकान महाराष्ट्रात, तिकडं जावा.’ तिकडं गेलं की, ‘गाडी केए (कर्नाटक) पासिंग, पैसे बेळगावच्या खात्यातून गेले, तिकडंच द्या.’ परत इकडं आलं की अर्ज कन्नडमध्ये लिहून आणा. कन्नडमध्ये लिहून नेला तर साहेब बंदोबस्ताला. हा दिवाणी मामला आहे म्हणून सांगणारा हवालदार तर दोन्ही राज्यांत सारखाच! रिकामी डबी विकणं दिवाणी कसं, ते त्यालाच ठाऊक. आरटीओ म्हणतो ट्रेलरची नोंदणी आमची, वायरिंग आमचं नाही. विमावाला म्हणतो बाहेरून वायर कापलीय, क्लेम बसत नाही. शोरूमवाल्यानं तेच कारण सांगून वॉरंटी मोडीत काढली. आणि कर सगळ्यांना वेळेवर पाहिजे.

हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवत असेल तर बीएनएसएसचं, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या कायद्याचं, कलम १७३ दाखवा. १ जुलै २०२४ पासून दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यावी लागते, झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. हे दाखवल्यावर निदान आवाज खाली येतो. त्यापेक्षा खरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक कायद्यात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार देता येते, दुकान कुठल्याही राज्यात असो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं, हेल्पलाइन १९१५. खाण्याच्या गाड्याचा ट्रेलर असला तरी तो स्वतःच्या पोटापाण्यासाठी चालवत असाल तर धंद्याचा म्हणून हाकलता येत नाही.

जीएसटीचं बिल सोडू नका, चार पैसे वाचतात म्हणून तर अजिबात नाही. कच्च्या बिलावर दुकानाचं नावसुद्धा धड नव्हतं, शेवटी यूपीआयच्या १०,००० चीच नोंद कामाला आली. रोखीच्या ८,२५० ला दुकानदार सरळ नाही म्हणतो. फोडलेली डबी, सोललेली वायर, वायसर, सगळं पिशवीत बांधून ठेवा आणि नवीन वायरिंग करणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडून काय निघालं ते सहीनिशी लिहून घ्या. आमचा इलेक्ट्रिशियन लिहून द्यायला आधी तयार नव्हता. धंद्यातल्या माणसाविरुद्ध कसं लिहू, म्हणत होता.