मास्क उत्तम, नळी बरी, फिन्स चालतील: स्नॉर्केलिंगच्या संचाचा काही महिन्यांचा अनुभव

समुद्रकिनारी सुट्टीला गेलं की स्नॉर्केलिंगचं, म्हणजे पाण्यावर तरंगत नळीने श्वास घेत खालचं पाहण्याचं, सामान भाड्याने मिळतंच, मग स्वतःचं कशाला घ्यायचं? घ्यायचंच असेल तर फक्त मास्क घ्या, बाकीचं भाड्याचं चालतं. माझ्याकडे मात्र पूर्ण संच आहे: दोन काचांचा मास्क, वर झडप असलेली ड्राय टॉप नळी, बुटासारखे घालायचे फिन्स (पायांचे पंख) आणि जाळीची पिशवी. पहिल्या आठवड्यात लिहिलेले रिव्ह्यू मी वाचत नाही, तेव्हा सगळंच छान असतं. मीठ, ऊन आणि वाळू यांनी आपापलं काम करून झाल्यावर काय टिकलं, ते सांगतो.

मास्कचं सगळं गणित चेहऱ्यावर आहे, किमतीवर नाही. दुकानात पट्टा न लावता मास्क नुसता तोंडावर टेकवायचा, नाकाने हलकासा श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा, पडला तर कितीही महाग असो, ठेवून द्या. केसांची एक बट आत अडकली तरी पाणी शिरतं. मिशी असेल तर थोडं पाणी झिरपणारच. नाकाखालची मिशीची कड काढून टाकणं हा एकच खात्रीचा उपाय आहे आणि तो मला मान्य नाही. मी अधूनमधून नाकाने जोरात श्वास सोडून पाणी खालून बाहेर काढतो, त्याची सवय होते. पाणी शिरलं की लोक पट्टा आणखी आवळतात. त्याने सिलिकॉनची कड दुमडते, पाणी जास्तच येतं आणि कपाळावर वळ उठतो तो वेगळाच.

काचेवर धुकं धरणं ही सगळ्यांची तक्रार. नव्या काचेवर कारखान्यातला एक पातळ थर राहिलेला असतो. आतून साधी पांढरी टूथपेस्ट लावून बोटाने चोळून चोळून धुतली की तो निघतो. हे दोन-तीनदा करावं लागतं. काचेला आतून धुकंरोधक लेप असेल तर मात्र पेस्ट लावू नका, लेपच खरवडला जाईल. त्यानंतर दरवेळी पाण्यात उतरण्याआधी थुंकी, किंवा थुंकीची किळस असेल तर पाण्यात कालवलेला बेबी शाम्पू. साबणामुळे बाष्पाचे थेंब न होता पाणी काचेवर सपाट पसरतं, म्हणून आरपार दिसतं. उन्हात तापलेला मास्क थेट घालू नका, आधी समुद्राच्या पाण्यात बुडवून घ्या.

चष्मेवाल्यांसाठी: चष्म्यावर मास्क बसत नाही, काड्यांमधून पाणी येतं. नंबरच्या काचा बसवता येतील असे मास्क मिळतात. नंबर अगदी कमी असेल तर आधी साध्या मास्कने पाहा, कारण पाण्याचा अपवर्तनांक 1.33 असल्यामुळे सपाट काचेतून वस्तू सुमारे पाऊण अंतरावर आणि एक तृतीयांशाने मोठी दिसते. किनाऱ्यावर येऊन "एवढा मोठा मासा होता" म्हणणाऱ्यांचं मूळ इथे आहे.

आता नळी. ड्राय टॉप म्हणजे लाट डोक्यावरून गेली की वरचं तोंड बंद करणारी तरंगती झडप. सुरुवातीला ती फार आवडली. नंतर मिठाने ती अडकायला लागली, आणि ऐन श्वास घेताना बंदच राहिली की काळजात धस्स होतं. खालच्या बाजूला पाणी काढून टाकायची छोटी सिलिकॉनची चकती असते. तिच्याखाली वाळूचा एकच कण बसला होता, तेवढ्याने दर श्वासाला खारट घोट येत राहिला. नखाने चकती उचलून गोड्या पाण्याची धार सोडली, काम झालं. पुन्हा घ्यायची झाली तर साधी नळीच घेईन. नळी लांब असली की खोल जाता येतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. एक मीटर खाली पाण्याचा दाब छातीवर एवढा येतो की पृष्ठभागावरची हवा आत ओढणं जड जातं, शिवाय लांब नळीत आपणच सोडलेली हवा आपणच पुन्हा घेत राहतो.

पूर्ण चेहऱ्याचे मास्क हल्ली किनाऱ्यावर सर्रास दिसतात. मी वापरून पाहिला, मला नको. साध्या नळीत अडचण आली तर तोंडातून ती टाकून देता येते, इथे सगळा मास्कच उतरवावा लागतो. आतली हवा नीट फिरली नाही तर कार्बन डायऑक्साइड साठायची भीती असते. नाक दाबून कान मोकळे करता येत नाहीत, म्हणजे बुडी मारणंही संपलं.

फिन्सबद्दल फार सांगण्यासारखं नाही. टाच सोलवटते, आत पातळ मोजे घाला. पाण्यात शिरताना उलटं चाला.

पण या सगळ्या सामानापेक्षा जास्त फरक पडला तो भरती-ओहोटीच्या वेळा बघूनच उतरायला लागल्यापासून. दिवसातून दोनदा भरती येते अशा किनाऱ्यावर पाणी सहा तास एकाच वेगाने उतरत नाही. साधारण हिशेब असा: पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात तसे दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धं पाणी जातं आणि ओढही तेव्हाच सर्वांत जास्त असते. मी भरती पुरी व्हायच्या आसपास उतरतो. तेव्हा बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं आणि खडकांवर पोट घासत नाही. खाडीच्या तोंडाशी हा हिशेब थोडा मागेपुढे होतो. वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज धरू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या आसपासचं भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं, पाणी शांत असतं. जोराचा पाऊस पडून गेला असेल तर किट पिशवीतच राहू द्या, गढूळ पाण्यात हात पुढे केला तर तो दिसत नाही. आणि दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधे एक पट्टा गुळगुळीत दिसतोय, तर ती जागा सोपी समजू नका. पाणी तिथूनच समुद्राकडे परत वाहत असण्याची शक्यता जास्त. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे न झगडता आडवं पोहत बाहेर पडायचं.

नशीब असेल तर पोपटमासा खडक कुरतडताना दिसतो, आणि पाण्याखाली तो करकर आवाज ऐकूही येतो. त्याच्या जवळ जायच्या नादात प्रवाळावर पाय टेकू नका. तो दगड नाही, जिवंत प्राण्यांची वस्ती आहे, आणि पाय कापला तर जखम लवकर भरत नाही. सनस्क्रीनऐवजी मी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घालतो. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईत प्रवाळाच्या काळजीपोटी 2021 पासून बंदी आहे. टीशर्ट धुऊन जात नाही आणि पाठ भाजत नाही, मला तेवढं कारण पुरतं.

मोबाइलचं पारदर्शक पाऊच सोबत फुकट मिळालं होतं. पाण्याखाली टचस्क्रीन चालत नाही, फोटो आवाजाच्या बटणाने काढावे लागतात. आधी आत टिशू पेपर घालून बुडवून पाहा. माझं पाऊच अजून कोरडं आहे, पण घडीवर पांढरी रेघ पडली आहे, तेव्हा आता त्यात फोन ठेवत नाही, किल्ल्या ठेवतो.