पूजेचे खांब विकले ‘वेलची केळीची रोपं’ म्हणून

श्रावणात सोसायटीच्या गेटवर कोणी केळीची रोपं घेऊन आलं, तर पिशवी फोडून खालचा कंद बघितल्याशिवाय पैसे काढू नका. मुलुंडला आमच्या बिल्डिंगमध्ये एकाच माणसाने चार घरांना गंडवलंय.

‘ताई, ओरिजिनल वेलची केळी, टिश्यू कल्चरची, लॅबमध्ये वाढवलेली. कुंडीत सहा महिन्यांत घड धरणार.’ एकाचे साडेतीनशे. काळ्या पिशवीत माती, त्यात कंबरेएवढं हिरवंगार खोड आणि वर दोन पानं. गच्चीवर मोठ्या ड्रममध्ये लावलं, शेणखत घातलं, निंबोळी पेंड घातली. कितीतरी दिवस ते तसंच टवटवीत, पण नवं पान काही फुटेना. फोन केला तर म्हणे रोप अजून ‘सेट’ होतंय, आमची पावडर टाका. समोरच्या काकांच्या गळ्यात त्याने तीही पुडी मारली, दोनशेला!

मग एक दिवस खोड कललं. उपटून पाहते तर ना कंद, ना मुळं. खाली कोयत्याने केलेला सपाट काप, काळा पडलेला, आंबूस वास मारणारा. बुंध्यावर सुतळीचा काचा आणि त्यात अडकलेलं कुंकू. सासूबाईंचं माहेर वसईचं. बघताक्षणी म्हणाल्या, ‘अगं, हे तर सत्यनारायणाचे खांब!’ पूजा झाली की चौरंगाचे खांब लोक टाकून देतात. पठ्ठ्याने तेच उचलून पिशव्यांत खोचले होते.

मेख अशी की केळीचं वर दिसतं ते खरं खोड नव्हेच. एकात एक गुंडाळलेली, पाण्याने भरलेली सोपटं ती. म्हणून तोडल्यावरही लवकर सुकत नाही. वाढणारा कोंब खाली कंदात असतो आणि कंदच नसेल तर कुठलीही पावडर घाला, उपयोग शून्य. आधीच घेऊन ठेवलं असेल आणि शंका येत असेल, तर खोड वरच्या बाजूला आडवं कापून बघा. जिवंत रोपाची मधली सुरळी एक-दोन दिवसांत कापाच्या वर डोकावते. मेलेलं तसंच राहतं.

चांगला मुनवा, म्हणजे केळीच्या कंदातून फुटणारं पिल्लू, ओळखायला सोपा: बुडाशी जाड कंद, पानं अरुंद, तलवारीसारखी. टिश्यू कल्चरचं रोप नर्सरीतून येतं ते साधारण फूटभर उंचीचं, मुळांनी पिशवी भरलेली. आणि सहा महिन्यांत घड? जळगावच्या शेतात ग्रँड नैन जातीच्या केळीला वर्षभर लागतं हो!

ऑनलाइन ‘निळ्या केळीच्या बिया’ विकतात, तोही यातलाच प्रकार. आपण खातो त्यातल्या बहुतेक केळींना गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे बीच धरत नाही. ती लावायची मुनव्यानं, नाहीतर टिश्यू कल्चरनं. असं पाकीट घेतलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार करता येते. आमच्या माणसाने बिल दिलं नव्हतं आणि त्याचा फोन आता बंद लागतो. वॉचमनला सांगून ठेवलंय, पुन्हा दिसला तर आधी आम्हाला वर बोलव.