235 चे टायर: सात महिने झाले, मीटर अजून खोटं बोलतोय

मागच्या आठवड्यात माळशेज उतरून टोकावड्याच्या अलीकडे मागचा डावा टायर बसला. रात्रीचे साडेबारा, वर पाऊस, हौद्यात टोमॅटोचे साठ क्रेट. स्टेपनी काढली आणि माझीच कंजुषी समोर आली. जानेवारीत 215/75 R15 मापाचे टायर काढून मोठे 235/75 R15 टाकले (पहिला आकडा मिमीत रुंदी), तेव्हा पाचव्याचे पैसे वाचवायला चारच घेतले होते. स्टेपनी जुन्याच मापाची, व्यास 703 मिमी. नव्यांचा 733.

मागे एक चाक तीन सेंटिमीटरने बुटकं लावून लोड नेला, तर सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर, वळणात असल्यासारखं फिरत राहतं आणि तापतं. म्हणून पुढचं चाक मागे टाकलं, स्टेपनी पुढे लावली. दोनदा जॅक, दोनदा अंघोळ. वाशीपर्यंत गाडी डावीकडे ओढत होती.

ते एका रात्रीचं झालं. मीटर मात्र रोज छळतो.

मीटर चाकाचे फेरे मोजतो. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, हे त्याला कोण सांगणार? 300 किलोमीटर पळालो की तो 288 दाखवतो. नारायणगाव ते वाशी जाऊन-येऊन साधारण तेवढंच पडतं. माझं भाडं किलोमीटरला वीस रुपये, म्हणजे दर फेरीला 240 रुपये मी व्यापाऱ्याला सोडत होतो. चार महिने!

कळलं तेही ॲव्हरेजमुळे. जुन्या टायरवर 13.5 मिळायचं, ते 12.5 वर आलं. टायरवाल्याला मनात शिव्या घातल्या, पंपावर माप मारतात असा संशय घेतला, दोन पंप बदलले. मग कल्याण रस्त्याला किलोमीटरचे दगड धरून मोजलं, तर मीटर चार टक्के मागे. हिशेब पुन्हा मांडला तेव्हा खरं ॲव्हरेज 13 निघालं. फटका अर्ध्या किलोमीटरचा. तरी टायरवाल्याकडे माफी मागायला गेलो नाही, कारण ‘मीटरला काय फरक पडत नाही शेठ’ हे त्याचंच वाक्य. वेगाचा काटाही तसाच, 60 दाखवतो तेव्हा गाडी जुन्या टायरच्या हिशेबाने साडेबासष्टला असते.

बाकी टायर चांगले आहेत, हे कबूल करायला हवं. रिम 6 इंचीच होती, त्यामुळे बदलावी लागली नाही. गाडी पंधरा मिमी उचलली गेली. पावसाळ्यात शेतातून भरलेली गाडी बाहेर काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागायचा, यंदा एकदाच बोलवला. ट्रॅक्टरवाल्याचे पैसे धरले तर नुकसान बरंचसं भरून निघतं. घाट चढताना मात्र पूर्वी तिसऱ्यात जायची तिथे आता दुसरा टाकावा लागतो, आणि स्टेअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर मडगार्डला घासतो.

घेणार असाल तर टायरच्या कडेवर मापापुढे लिहिलेला वजनाचा आकडा वाचा. एकाच मापात 105 आणि 109 दोन्ही मिळतात. 105 म्हणजे एका टायरला 925 किलो, 109 म्हणजे 1030. दुकानात मला आधी 105 वालाच दाखवला होता, स्वस्त म्हणून मी जवळजवळ घेतलाच होता. टायर रुंद दिसला म्हणून जास्त वजन पेलतो असं नाही.

भाडं आता फेरीवर ठरवलंय. स्टेपनी अजून 215 चीच आहे.