टाइल किती लागेल, हे नीट मोजून देणारे दुकान

सोलापुरात विजापूर रोडवरील ज्या दुकानातून आम्ही न्हाणीघराची टाइल घेतली, तेथील विक्रेत्याने नमुने दाखवण्याआधी मापे मागितली, ही गोष्ट मला विशेष आवडली. आमचे न्हाणीघर 7 बाय 5 फुटांचे असून टाइल 7 फुटांपर्यंत लावायची होती. चारही भिंतींची लांबी 24 फूट, म्हणून क्षेत्रफळ 168 चौरस फूट. त्यातून अडीच फूट रुंदीच्या दाराचे साडेसतरा वजा केल्यावर साधारण 150 उरले आणि तुटफूट व कापणीसाठी 10 टक्के धरून ते 165 झाले.

पुढचा हिशेब मात्र खरा कसोटीचा होता. 12 बाय 18 इंची म्हणून विकली जाणारी टाइल प्रत्यक्षात 300 बाय 450 मिलिमीटरची असल्याने तिचे क्षेत्रफळ दीड नव्हे, तर सुमारे 1.45 चौरस फूट भरते, हे त्यांनी न विचारता सांगितले. सहा नगांच्या 19 पेट्या निघाल्या. टाइल आडवी लावल्यास 300 मिलिमीटरच्या सात ओळींत उंची जवळजवळ पूर्ण होते आणि कापणी वाचते, हा सल्लाही उपयोगी पडला. सर्व पेट्यांवरील बॅच क्रमांक आणि छटा एकच असल्याची खात्री त्यांनी आमच्यासमोर केली.

जमिनीसाठी न घसरणारी टाइल घेतली. वाहतूक व हमालीचा खर्च कच्च्या बिलात लिहिलेला नव्हता, तो आधी विचारावा. न फोडलेल्या पेट्या परत घेण्याची अट मात्र बिलावर स्पष्ट छापलेली होती.